थकलेल्या हप्त्याचा खुलासा

पहिलं घर घेणारी मंडळी बहुधा उलट क्रमाने जातात. रविवारी साइट बघायची, सॅम्पल फ्लॅट आवडला की टोकन द्यायचं, मग कर्जाचा एजंट गाठायचा आणि त्याने ‘सर, सिबिलला जरा प्रॉब्लेम दिसतोय’ म्हटलं की घाम पुसायचा. तोवर बिल्डरच्या ऑफिसात पावती फाटलेली असते. स्थावर संपदा कायद्याच्या १३व्या कलमानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे खरं. पण ५० लाखांच्या फ्लॅटचे १० टक्के म्हणजेसुद्धा ५ लाख. कर्ज नाकारलं गेलं तर त्यातले किती परत मिळतील, हे बुकिंग अर्जाच्या बारीक अक्षरांत आधीच लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचलेलं नसतं.

म्हणून या प्रकरणातली पहिली शिफारस अगदी कोरडी आहे. साइट बघायला जाण्याआधी स्वतःचा पत अहवाल काढा. देशात अशा माहितीचं काम करणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. पहिली सर्वांत जुनी, २००० सालची, त्यामुळे तिचं नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि कुठल्याही कंपनीचा अहवाल असला तरी आपण त्याला ‘सिबिल’च म्हणतो. २०१७ पासून या चौघींनी प्रत्येकाला दर कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला अहवाल आपणच पाहिला तर गुण कमी होत नाहीत. ही भीती कुठून पसरली कोण जाणे, पण ती फार लांबवर पोचली आहे.

अहवाल हातात आला की सगळ्यांची नजर ३०० ते ९०० मधल्या त्या एका आकड्यावर जाते. ७५० च्या वर असला की जीव भांड्यात पडतो आणि ६८० दिसला की रात्रीची झोप उडते. आकड्याला महत्त्व आहे, नाही असं नाही. पण रिझर्व्ह बँकेने गृहकर्जासाठी किमान गुणांची कुठलीही रेषा आखलेली नाही. ती प्रत्येक बँक आपापली आखते. शिवाय खुलासा आकड्याचा मागितला जात नाही, त्यामागच्या नोंदींचा मागितला जातो. प्रत्येक कर्जखात्याखाली जास्तीत जास्त ३६ महिन्यांची चौकटींची ओळ असते. चौकटीत ‘०००’ असेल तर त्या महिन्यात काही थकलं नव्हतं. ‘०२७’ असेल तर हप्ता २७ दिवस उशिरा होता. ९० दिवसांपलीकडे गेलं की खातं थकीत, म्हणजे एनपीए, ठरतं. त्याखेरीज खात्याची अवस्था लिहिलेली असते : चालू, बंद, ‘सेटल्ड’, ‘रिटन ऑफ’, दावा दाखल. बँकेतला माणूस ही ओळ वाचतो. तीन वर्षांपूर्वीचे दोन महिने बिघडलेले आणि पुढे सलग ‘०००’ असतील तर तो वेगळा विचार करतो. दर चार महिन्यांनी एकदा ‘०१५’ दिसत असेल तर वेगळा.

आता हा माणूस कोण, ते बघू. आपण ज्याच्यासमोर बसून पोटतिडकीने सगळं सांगतो, तो शाखेतला अधिकारी किंवा कमिशनवर काम करणारा एजंट असतो. तो ऐकून घेतो, मान हलवतो, ‘बघतो, करतो काहीतरी’ म्हणतो. पण मोठ्या बँकांमध्ये गृहकर्जाचा निर्णय शाखेत होतच नाही. फाइल शहरातल्या मध्यवर्ती कर्ज केंद्रात जाते. तिथल्या पत विभागातल्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं आणि बहुधा पाहणारही नसतो. त्याच्यापुढे अहवाल, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, खात्याचा उतारा आणि घराची कागदपत्रं एवढंच असतं. आई आजारी होती, कंपनी बंद पडली, भाऊ हप्ते भरेनासा झाला, हे तुम्ही काउंटरवर कितीही मनापासून सांगितलेलं असो, फाइलबरोबर ते जात नाही. जातो तो कागद. जिथे शाखाधिकाऱ्याशी चांगली ओळख आहे आणि निर्णय संचालकांच्या कर्ज समितीत होतो, अशा छोट्या नागरी सहकारी बँकेत तोंडी शब्दाला अजून थोडं वजन आहे. तिथेही इतिवृत्तात लिहायला समितीला कागद लागतोच.

खुलासा लिहायला बसण्याआधी नोंदींची दोन भागांत वाटणी करावी : ज्या खोट्या आहेत त्या आणि ज्या खऱ्या आहेत त्या. खोट्या नोंदीचा खुलासा करत बसू नये, ती दुरुस्त करून घ्यावी. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कुणाचं कर्ज आपल्या अहवालात येतं. पाटील, जाधव, शिंदे यांच्या राज्यात याचं नवल वाटू नये. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा घोळ वेगळाच : पॅनवर माहेरचं नाव, शैक्षणिक कर्जावर माहेरचं, पगारखात्यावर सासरचं, आणि अहवालात दोन अर्धवट माणसं. कर्ज फिटून वर्ष झालं तरी ‘चालू’ दिसणं हा सर्वांत साधा प्रकार. तक्रार पत कंपनीकडे ऑनलाइन करता येते किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. नोंद बदलणं मात्र मूळ संस्थेच्या होकारावर अवलंबून असतं. म्हणूनच ‘पंधरा दिवसांत सिबिल साफ’ अशी पाटी लावणाऱ्याला पैसे देणं म्हणजे ते पाण्यात टाकणं. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे आणि एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. रक्कम छोटी आहे, पण आदेशाचा उल्लेख तक्रारीत केला की उत्तरं भराभर येतात.

कोविडकाळातल्या नोंदींकडेही याच नजरेने बघावं. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली होती आणि ती घेतली म्हणून कर्जदाराचा पत इतिहास बिघडू नये, असं स्पष्ट म्हटलं होतं. पण सवलत संपल्यावर ज्यांनी कर्जाची पुनर्रचना करून घेतली, त्यांच्या खात्यावर तशी नोंद राहिली. ती खोटी नाही. तिचा खुलासा द्यावा लागतो, आणि तो देणं सोपं आहे, कारण ते वर्ष समोरच्यालाही आठवतं.

खऱ्या नोंदींमध्ये सर्वांत हलकी म्हणजे नोकरी बदलल्यावरची. पगाराचं खातं बदललं, मोबाइलचा किंवा फ्रिजचा हप्ता जुन्या खात्यातून जात होता, तिथे शिल्लक नव्हती, दोन महिने बाउन्स झाले. याला दोन ओळी आणि दोन्ही खात्यांचे उतारे पुरतात. वापरात नसलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी थकणं हाही तसाच किरकोळ प्रकार, फक्त तो वेळीच न पाहिल्यास ५९० रुपयांचे पाच हजार होतात. असं कार्ड बंद करायला सांगितल्यावर ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं नाही, तर बाकी काही देणं नसल्यास बँकेला रोज ५०० रुपये दंड द्यावा लागतो, हे लोकांना माहीत नसतं.

सेटलमेंटचं प्रकरण मात्र जड आहे. एक लाख वीस हजारांची कार्डाची थकबाकी असते, वसुलीचा फोन दिवसाला दहा वेळा येतो आणि एके दिवशी पलीकडचा आवाज मवाळ होऊन म्हणतो, ‘पंचेचाळीस हजार भरा, फाइल बंद करतो.’ माणूस सुटकेचा श्वास टाकतो, बायकोचं सोनं गहाण टाकून पैसे भरतो आणि आपण व्यवहार मिटवला या समाधानात राहतो. पुढे घराच्या वेळी त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ दिसतं. बँकेच्या हिशेबी याचा अर्थ सरळ आहे : या माणसाने आधीच्या सावकाराचे पंचाहत्तर हजार बुडवले. जून २०२३ च्या परिपत्रकात तर रिझर्व्ह बँकेने शेतीकर्ज वगळता अशी तडजोड झालेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिन्यांचा थांबा घालून दिला. वसुली एजंट हे सांगत नाही. ते त्याचं कामही नाही.

यावर खुलासापत्राचा उपयोग मर्यादित आहे. खरा उपाय महाग पण साधा : त्या संस्थेकडे परत जायचं, राहिलेली रक्कम विचारायची, दंड-व्याजावर घासाघीस करायची, ती भरायची, ना-देय दाखला घ्यायचा आणि खात्याची अवस्था ‘सेटल्ड’वरून ‘बंद’ अशी बदलायला लेखी अर्ज करायचा. थकलेल्या महिन्यांच्या चौकटी यानेही पुसल्या जात नाहीत. पत कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवावी असा नियमच आहे. पण ‘बुडवलं’ आणि ‘उशिरा का होईना, पै न् पै फेडलं’ यांत पत विभागाच्या लेखी मोठं अंतर आहे. ‘तीन वर्षं झाली की कर्ज आपोआप मरतं’ हा चहाच्या टपरीवरचा सल्ला इथे कामाचा नाही. मुदतीचा कायदा कोर्टातल्या दाव्याला लागतो, अहवालातल्या नोंदीला नाही.

मराठी माणसाच्या अहवालात हमखास सापडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जामीनकी. चुलतभावाच्या टेम्पोसाठी, कंपनीतल्या मित्राच्या मुलीच्या लग्नासाठी सही केलेली असते. ‘नुसती सही हवीय’ असं म्हणून घेतलेली. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. टेम्पोचे हप्ते थकले की तुमच्या अहवालातही ते खातं दिसतं, जामीनदार म्हणून. इथे अर्जदार हटकून चूक करतात. ‘ते माझं कर्ज नाही’ असं लिहितात. कायद्याने ते तुमचंही आहे. लिहायचं ते असं : कर्ज कुणाचं, माझी भूमिका काय, मी त्यातला एकही रुपया वापरलेला नाही, मूळ कर्जदाराने किती हप्ते भरले याचा त्याच्या खात्याचा उतारा, आणि आज थकबाकी शून्य असल्याचं संस्थेचं पत्र. शून्य नसेल तर ती शून्य करायला भावाच्या घरी जाऊन बसणं हे घर घेण्याच्या कामातलंच एक काम समजावं. प्रसंगी आपण भरावं आणि भावाशी नंतर भांडावं.

गावाकडच्या जमिनीत नाव असलेल्या, पण पुण्या-ठाण्यात नोकरी करणाऱ्या तरुणांची अडचण शहरातल्या पत विभागाला चटकन कळत नाही. सातबारावर नाव लागलं, वडिलांनी सांगितलं म्हणून पीककर्जाच्या कागदांवर सही केली, पुढे कर्जमाफीची चर्चा सुरू झाली आणि गावाने भरणं थांबवलं. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, २०१९ च्या अखेरीस महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची कर्जमुक्ती आली. त्यांत काहींची खाती बसली, काहींची निकषांत अडकली. तोवर मुलाच्या अहवालात एनपीए लागलेला. हप्त्यांच्या महिनेवारीत विचार करणाऱ्या माणसाला पीककर्जाचं चक्र हंगामावर चालतं, हे पत्रात दोन वाक्यांत सांगावं लागतं. माफी मिळाली असेल तर लाभार्थी यादीतली नोंद आणि बँकेचा बेबाकी दाखला जोडावा. मिळाली नसेल तर खातं भरून टाकावं. पुढच्या माफीची वाट आणि गृहकर्जाचा अर्ज या दोन गोष्टी एकाच वर्षात जमत नाहीत.

आता पत्र. ते एका पानाचं असावं, टाइप केलेलं, खाली सही, आणि अर्जाबरोबरच दिलेलं. मागाहून विचारलं तेव्हा दिलेला खुलासा बचावासारखा दिसतो. शक्यतो बँकेच्या कामकाजाच्या भाषेत लिहावं. नागरी सहकारी बँकेत मराठी चालतं, खासगी बँकेच्या मुंबईतल्या केंद्रात इंग्रजी सोयीचं. अमेरिकेत घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना हा कागद ओळखीचा असेल, कारण तिथे कर्ज तपासणारा अधिकारी नोंदीचा लेखी खुलासा स्वतःहून मागतो आणि त्याचं स्वरूपही ठरून गेलं आहे. आपल्याकडे पुष्कळदा कुणी मागत नाही, थेट नकार येतो. म्हणून आपणच द्यायचा.

लोक पत्रात काय लिहितात? ‘काही अपरिहार्य कौटुंबिक अडचणींमुळे माझे काही हप्ते वेळेवर जाऊ शकले नाहीत, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.’ शाळेतल्या रजेच्या अर्जाची ही सवय आयुष्यभर सुटत नाही. या वाक्यात तपासता येईल असं काहीच नाही. आता समजा, मोशीत वन बीएचके बघणाऱ्या, चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका सुपरवायझरने असं लिहिलं :

‘माझ्या दुचाकी कर्जाचे मार्च, एप्रिल आणि मे २०२३ हे तीन हप्ते थकले. सर्वाधिक विलंब ८६ दिवसांचा होता. २८ जानेवारी २०२३ रोजी आमच्या कंपनीने उत्पादनाची लाइन बंद केली आणि माझी नोकरी गेली (सोबत कार्यमुक्तीचं पत्र). फेब्रुवारीचा हप्ता मी बचतीतून भरला. १७ एप्रिलला सध्याच्या कंपनीत रुजू झालो (सोबत नेमणूकपत्र). पूर्ण पगार हाती आल्यावर ३० मे रोजी तिन्ही हप्ते दंडासह भरले (सोबत खात्याचा उतारा). त्यानंतर एकही हप्ता चुकला नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्ज फिटलं (सोबत एनओसी). आता तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम मी मुदत ठेवीत ठेवली आहे (सोबत पावती).’

यात विनंती नाही, विशेषणं नाहीत, कंपनीला शिव्या नाहीत. बहुतेक वाक्यांना तारीख आहे आणि कागदही. पत विभागातल्या माणसाला तुमच्यावर दया दाखवायची नसते, त्याला स्वतःची टिप्पणी लिहायची असते. उद्या तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकाने ‘हे कर्ज का दिलं?’ विचारलं तर बोट ठेवायला त्याला जागा हवी असते. वरचं पत्र ती जागा देतं. शेवटचं ठेवीचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण घडून गेलेल्या अडचणीपेक्षा ती पुन्हा आली तर काय, हा प्रश्न बँकेला वीस वर्षं सतावणार असतो. आजारपणाच्या खुलाशातही हेच. आजाराचं वर्णन आवरतं घ्यावं. डिस्चार्ज कार्डावरच्या तारखा, बिलाची रक्कम आणि आता आरोग्यविमा असल्याचा कागद जास्त बोलतात.

आणि खोटं लिहू नये. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी ते पकडलं जातं. बहिणीच्या लग्नाला काढलेल्या वैयक्तिक कर्जाला ‘वैद्यकीय’ म्हणायचं आणि त्याच महिन्यात खात्याच्या उताऱ्यावर मंगल कार्यालयाला गेलेले दोन लाख दिसायचे, असं होतं. पतसंस्थेचं कर्ज अहवालात बहुधा दिसत नाही, म्हणून काहीजण ते लपवतात. पण दर महिन्याच्या ५ तारखेला पतसंस्थेच्या नावाने जाणारी रक्कम उताऱ्यात असतेच. लपवलेल्या छोट्या कर्जाने खऱ्या खुलाशावरचाही विश्वास उडतो.

पत्र चांगलं असलं तरी सगळीकडे चालेल असं नाही. एका ठिकाणी नकार आला की घाबरून एका आठवड्यात सहा बँकांत अर्ज टाकणं, हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. प्रत्येक अर्जाची विचारणा अहवालात नोंदली जाते आणि सातवी बँक त्या सहा विचारणा बघते. त्यापेक्षा नकाराचं कारण लेखी मागावं. कर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावं, हे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना सर्व प्रकारच्या कर्जांसाठी बजावलं आहे. कारण कळलं की पुढचा अर्ज कुठे आणि कधी करायचा ते ठरतं. कधी पत्नीचं किंवा कमावत्या भावाचं नाव सहकर्जदार म्हणून घेऊन काम होतं. अर्थात त्यांचाही अहवाल आधी बघावा, नाहीतर एकाचे दोन डाग व्हायचे. कधी कर्जाची रक्कम कमी करावी लागते. नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. ही कमाल मर्यादा झाली. कच्च्या अहवालाच्या माणसाला बँक त्याखाली थांबते.

कधी कर्ज मिळतं, पण महाग. अनेक बँकांच्या दरपत्रकात सिबिलच्या पट्ट्यांप्रमाणे व्याज वेगळं असतं. ४० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के : हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये. तेच सव्वानऊ टक्क्यांनी ३६,६३५ रुपये. दरमहा १,९२२ रुपयांचा फरक, पूर्ण मुदतीत ४ लाख ६० हजारांच्या वर. टोकन द्यायची घाई नसेल तर सहा-आठ महिने थांबून सेटलमेंट मिटवणं या हिशेबात फायद्याचं ठरतं. २०२५ च्या सुरुवातीपासून बँकांना पत कंपन्यांकडे निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे भरलेला पैसा अहवालात दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही.

ज्यांच्या नावावर कधीच कर्ज नव्हतं, त्यांना ‘सिबिलच नाही’ म्हणून परत पाठवणारे लोक आजही भेटतात. केवळ पत इतिहास नाही म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. अशा अर्जदाराने पत्राऐवजी वेळेवर दिलेल्या भाड्याचा, विजेच्या बिलाचा, एलआयसीच्या हप्त्यांचा पुरावा जोडावा.

मंजुरीपत्र हाती आल्यावर पेढे वाटायला हरकत नाही, पण कर्जाचा पैसा अजून सुटलेला नसतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तो स्लॅबप्रमाणे टप्प्याटप्प्याने सुटतो, आणि पैसा सोडण्याआधी बँक पुन्हा अहवाल काढून बघू शकते. नव्या घरासाठी सोफा, टीव्ही आणि डबल डोअर फ्रिज ‘शून्य व्याजाच्या’ हप्त्यांवर घेण्याचा मोह नेमका याच दिवसांत होतो. दुकानातला पोरगा आधार आणि पॅन मागतो, दोन मिनिटांत मंजुरी येते, आणि अहवालात तीन नवी कर्जं उभी राहतात. फ्रिज किल्ली मिळाल्यावर घ्यावा. घेणं अगदीच भाग असेल तर रोख.